पक्षी हलला, हात हलला की हवा?

हिवाळा लागला की भंडारा जिल्ह्यातल्या तलावांच्या पाळींवर कॅमेरे दिसू लागतात. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले आणि आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे जलाशय, गावोगावच्या बोड्या, धानाच्या बांध्या, वैनगंगेचं पात्र आणि पवनीजवळ गोसेखुर्दचं पसरलेलं पाणी, असा पाणपक्ष्यांचा हा मुलूख. जंगलाची हौस असेल तर कोका अभयारण्य आहे, साकोली तालुक्यातल्या पिटेझरीतून नागझिऱ्यात जाता येतं आणि पवनीच्या बाजूने उमरेड-पवनी-कऱ्हांडला गाठता येतं. मोठ्या शहरातल्या छायाचित्रकाराला रजा काढून यावं लागतं, तिथे इथला मुलगा सकाळी सायकलवर जाऊन येतो.

तरीही बहुतेकांची तक्रार एकच असते: फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसतो, घरी मोठा करून पाहिला की धूसर. मग खापर लेन्सवर फुटतं आणि लाखभर रुपयांच्या नव्या लेन्सचे मनोरे रचले जातात. लेन्सचा दोष असतोही, पण क्वचित. धूसर फोटोमागे बहुधा चारपैकी एक कारण असतं. प्रत्येकाची खूण वेगळी आणि उपायही वेगळा. कारण न ओळखता सेटिंग बदलत राहणं म्हणजे निदानाशिवाय गोळ्या घेणं.

पक्षी हलला

फांदी स्पष्ट, पण पंख किंवा मान फरफटलेली, ही याची खूण. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारा पक्षी सेकंदाला १० मीटर जातो. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवला तर तेवढ्या वेळात तो २ सेंटीमीटर पुढे सरकतो. १/२००० ला हेच अंतर अर्ध्या सेंटीमीटरवर येतं. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवला की धडाची हालचाल बरीच भरून निघते, पंखांच्या टोकांची निघत नाही. म्हणून उडत्या पक्ष्यासाठी १/२००० ते १/३२०० आणि बसलेल्यासाठी १/५०० ते १/१००० धरून चालावं. बसलेला पक्षीही सारखी मान वळवत असतो.

एवढा वेग ठेवायचा तर प्रकाश कमी पडतो आणि आयएसओ वाढवावा लागतो. इथे नवखे कचरतात. आयएसओ वाढला की फोटोत रवाळपणा येतो हे खरं. पण रवाळपणा नंतर संगणकावर बराच काढता येतो, फरफटलेला पंख मात्र कशानेच नीट होत नाही. शटर आणि ॲपर्चर स्वतः ठरवावं आणि आयएसओ ऑटोवर सोडावा, ही पद्धत सर्वांत सोयीची. सरावासाठी कवड्या धीवर हा उत्तम गुरू. काळ्या-पांढऱ्या रंगाचा हा खंड्या माशावर नेम धरून पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो. पंख जोरात हलत असतात, डोकं जवळपास स्थिर असतं. कोणत्या शटरला पंख गोठतात आणि कोणत्याला नाहीत, हे त्याच्यासमोर एका सकाळीत कळतं.

हात हलला

सगळा फोटो एकाच दिशेने पुसल्यासारखा दिसला, तर दोष हाताचा. जुना नियम असा की लेन्सची फोकल लांबी जितकी, सेकंदाच्या निदान तेवढ्याव्या भागाइतका शटर वेग हवा. ४०० मिलिमीटरला १/४००. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याची दीडपट, म्हणजे १/६००. लेन्समधलं स्थिरीकरण हाताची थरथर कमी करतं. पक्ष्याच्या हालचालीवर त्याचा काहीही उपयोग नाही.

जिप्सीत बसला असाल तर फोटोच्या वेळी इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनाची थरथर कुठलंही यंत्र पूर्ण जिरवू शकत नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्हीकडून शिवावा, त्यात तांदूळ भरावेत आणि ती पिशवी जिप्सीच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. धानाच्या जिल्ह्यात याहून स्वस्त स्टँड मिळणार नाही.

फोकस चुकला

पक्षी धूसर, पण समोरचं गवत किंवा मागची फांदी लख्ख, तर फोकस भलतीकडे बसला. लांब लेन्समध्ये स्पष्टतेचा पट्टा किती अरुंद असतो याची अनेकांना कल्पना नसते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० मिलिमीटरची लेन्स, एफ ५.६ ॲपर्चर आणि १० मीटरवरचा पक्षी असेल, तर हा पट्टा सुमारे १३ सेंटीमीटरचा भरतो. शिंगाड्याच्या पानांवरून चालणारा विणीच्या हंगामातला कमळपक्षी लांब शेपटीसकट याच्या कितीतरी पट लांब असतो. म्हणजे सगळा पक्षी स्पष्ट येणं जवळपास अशक्य. अशा वेळी नेम डोळ्यावर धरायचा. डोळा लख्ख असेल तर शेपटी सुटलेली कोणाला खटकत नाही. डोळा सुटला तर फोटोच हातचा गेला.

फोकस सतत चालू राहील असा ठेवावा. निकॉन, सोनीवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर सर्वो. नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात, पण लव्हाळ्यात आणि धानाच्या काड्यांत फसतात. तिथे एकच लहान फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. पक्षी अगदी जवळ असेल तर ॲपर्चर एफ ८ करून पट्टा थोडा रुंद करता येतो. मात्र एफ १६ च्या पुढे जाऊ नये. तिथे प्रकाशाच्या विवर्तनामुळेच बारकावे मऊ पडतात.

हवा हलली

हे कारण सर्वांत दुर्लक्षित. शटर वेगवान, हात स्थिर, फोकस डोळ्यावर, तरी पिसांचे तपशील विरघळलेले. एकापाठोपाठ घेतलेल्या फोटोंत स्पष्टता कमीजास्त होते आणि सरळ कडा नागमोडी दिसतात. ऊन चढलं की पाळ, रस्ता, कापणी झालेली बांधी तापते. त्यावरची गरम हवा वर जाते, थंड हवा खाली येते. दोहोंची घनता वेगळी असल्याने प्रकाश वाकडातिकडा होत कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. लेन्स जितकी लांब, तितका हा दोष मोठा होऊन दिसतो.

यावर कॅमेऱ्यात एकही बटण नाही. उपाय दोनच: वेळ आणि अंतर. सूर्योदयापासून पहिले दोन तास किंवा ढगाळ दिवस साधावा. हिवाळ्यात हीटर लावलेल्या गाडीच्या खिडकीतून फोटो घेतलात तरी आतली गरम हवा हाच घोळ करते. काचा उघडून थोडं थांबावं. आणि अंतर कमी करावं. अंतर निम्मं झालं की पक्षी फोटोत चौपट जागा व्यापतो, शिवाय मधली हवाही निम्मी होते. हजारो रुपयांच्या टेलिकन्व्हर्टरपेक्षा हा लाभ मोठा आहे.

अंतर कमी करायचं ते पाठलाग करून नाही. पाठलाग केला की पक्षी उडतो. पाळीच्या तळाशी, पाण्याच्या पातळीला, पहाटेच जाऊन बसावं. न हलणाऱ्या माणसाची पक्ष्यांना हळूहळू सवय होते आणि अडई, वारकरी, शेकाटे स्वतःच जवळ येतात. खाली बसल्याचा आणखी एक फायदा: पार्श्वभूमी दूर जाते, मऊ होते आणि पक्षी उठून दिसतो. किरण पुरंदरे यांनी नागझिऱ्यात सुमारे ४०० दिवस राहून ‘सखा नागझिरा’ लिहिलं. प्रत्येकाला एवढं जमणार नाही, पण एकाच तलावावर हंगामभर जाणं कोणालाही जमेल. कोणता पक्षी कुठे बसतो आणि उडण्याआधी काय करतो हे कळलं की कॅमेरा आधीच तयार असतो. स्पष्ट फोटोची सुरुवात या ओळखीपासून होते.

जवळ जाण्याला मर्यादाही आहे. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच असलेला सारस महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात उरला आहे. भंडाऱ्यात तर तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा पाणथळीत घरटं करतो आणि त्यात बहुधा एक-दोनच अंडी असतात. माणूस जवळ गेला की जोडी घरट्यावरून उठते आणि अंडी कावळ्या-कुत्र्यांसमोर उघडी पडतात. म्हणून भंडाऱ्यात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: कोणत्याही पक्ष्याच्या घरट्याचा फोटो काढू नका, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका, सारसाची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. पक्ष्याने मान ताठ करून तुमच्याकडे पाहिलं की तिथेच थांबा आणि तेवढ्या अंतरावरून जो फोटो मिळेल तो आपला माना.