रोमान्स मांगा पारखायचा कसा? आधी विचारा, "एवढा उशीर का?"

कानात हेडफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि लोकलच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही म्हणून इथे येऊन वाचणाऱ्यांनाही नमस्कार. आजचा भाग रोमान्स मांगांवर आहे, म्हणजे जपानी प्रेमकथांच्या चित्रमालिकांवर. कुठल्या वाचायच्या याची यादी मी देणार नाहीये, तशा याद्या ढिगाने मिळतात. वाचून झाल्यावर ती चांगली होती की नाही हे ठरवायचं कसं, यावर बोलू.

कारण खरं सांगू का, बहुतेक वेळा आपण ठरवतच नाही. रडू आलं की पाच तारे. आपल्या आवडीची जोडी जमली नाही की एक तारा. विषय संपला.

एक सूचना आधीच देते. पुढे काही शेवट फुटणार आहेत. 'मेझोन इक्कोकु' कोरी वाचायची असेल तर तिचं नाव आलं की जरा पुढे ढकला.

तर साधारण चार गोष्टींवर मार्क दिले जातात: पात्रं, कथानक, चित्रं आणि शेवट. ठीक आहे. पण चौघांना पंचवीस-पंचवीस वाटून बेरीज केली की काहीच हाती लागत नाही. माझी पद्धत वेगळी आहे. प्रत्येक प्रेमकथेत दोन माणसं एकमेकांना आवडतात हे आपल्याला पहिल्याच खंडात कळलेलं असतं. तरीही गोष्ट दहा, वीस, तीस खंड चालते. मग मी एकच प्रश्न विचारते: उशीर का होतोय? या प्रश्नाचं उत्तर पात्रांच्या आत असेल तर मालिका बहुतेक चांगली निघते. उत्तर बाहेर असेल, म्हणजे ऐनवेळी पाऊस आला, फोन वाजला, कुणीतरी दार उघडलं, तर मी सावध होते.

कारुहो शिइना यांची 'किमि नी तोदोके' घ्या. 2017 मध्ये संपली, एकूण 30 खंड. सावाको कुरोनुमा नावाची शाळकरी मुलगी आहे. लांब काळे केस, फिकट चेहरा, त्यामुळे वर्गात तिला 'सादाको' म्हणतात. सादाको म्हणजे 'रिंग' या भयपटातलं भूत. मुलं तिला घाबरतात. आणि काझेहाया हा वर्गातला सगळ्यांचा लाडका मुलगा तिच्याशी नीट बोलतो. आता तुम्ही म्हणाल, कळलं पुढचं. पण नाही ना! सुरुवातीच्या खंडांत सावाकोला बॉयफ्रेंड नकोच आहे. तिला मैत्रिणी हव्यात. चिझुरू आणि आयाने या दोघी तिला मैत्रीण मानतात की नाही, हा त्या भागातला खरा ताण आहे. त्यांच्याबद्दल वाईट पसरवणाऱ्या मुलींसमोर ही भित्री मुलगी एकटी उभी राहते, तो प्रसंग मला नंतरच्या कुठल्याही 'मला तू आवडतेस'पेक्षा मोठा वाटतो.

म्हणजे उशीर का होतोय? तर 'आपण कुणाला आवडू शकतो' यावर या मुलीचा विश्वासच नाही. तो विश्वास आधी मैत्रीतून यावा लागतो. उशीर प्रामाणिक आहे. गंमत म्हणजे साधारण एक तृतीयांश गोष्टीतच दोघं एकत्र येतात, आणि उरलेल्या भागात कळतं की एकत्र येऊनही बोलता येतंच असं नाही. काही वाचक म्हणतात तिथून मालिका ढिली पडते. मधले काही खंड खरंच रेंगाळतात, मान्य. पण तोवर मैत्रिणींच्या स्वतःच्या गोष्टी उभ्या राहिलेल्या असतात.

आणि कुरुमी! पात्रं कशी पारखायची हे शिकायचं असेल तर नायिकेकडे नंतर बघा, आधी तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे बघा. हलक्या मालिकेत या मुलीचं काम ठरलेलं असतं: गोड हसायचं, कट करायचा, पकडलं जायचं आणि गायब व्हायचं. कुरुमी कट करते, पकडलीही जाते, पण गायब होत नाही. हरते, रडते, चिडते, आणि हळूहळू सावाकोशी सगळ्यात खरं बोलणारी व्यक्ती तीच होते. पुढे शिइना यांनी तिच्यावर स्वतंत्र छोटी मालिका काढली. हरलेल्या माणसालाही आयुष्य असतं, हे लेखिकेला ठाऊक आहे.

आता जरा अवघड विषय. योको कामिओ यांची 'हाना योरी दांगो', 1992 साली सुरू झालेली. नाव नवीन वाटेल, पण 2009 ची कोरियन 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोनवर रात्री जागून पाहिलीय. ती हीच गोष्ट. त्याआधी 2001 मध्ये तैवानची आणि 2005 मध्ये जपानची मालिकाही येऊन गेली. श्रीमंतांच्या शाळेत शिकणारी साध्या घरातली त्सुकुशी. शाळेवर चार मुलांचं राज्य. त्यांचा म्होरक्या दोम्योजी. त्याने कुणाच्या लॉकरमध्ये लाल चिठ्ठी लावली की अख्खी शाळा त्या मुलाला छळणार.

त्सुकुशी हे पात्र म्हणून एक नंबर आहे. ती उलटून मारते, नोकरी करते, घरच्यांचं कर्ज आणि पोकळ स्वप्नं दोन्ही ओढते. त्सुकुशी हे एका चिवट रानवनस्पतीचं नाव आहे, आणि नाव शोभतं तिला. पण दोम्योजीचं काय? सुरुवातीला हा मुलगा छळ करतो, मारहाण करतो, जबरदस्तीपर्यंत जातो. पुढे आपल्याला त्याचं एकाकी बालपण दाखवलं जातं, कडक आई दाखवली जाते, आणि तो दिसतो तर देखणाच. आपण विरघळतो.

इथे चित्रं आपल्याला फसवतात, आणि म्हणून हा विषय नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाही. 'काबे-दोन' ऐकलंय ना? मुलगी भिंतीला टेकलेली, मुलगा तिच्या कानाशेजारी धाडकन हात आपटून वाट अडवतो. 2014 मध्ये हा शब्द जपानमध्ये इतका चालला की त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांत गेला. पानावर ते दृश्य सुंदर दिसतं: मागे फुलं, तिचे डोळे मोठे, त्याचे केस कपाळावर. मी काय करते, तर ते चित्र डोळ्यांआड करून नुसती कृती वाचते. जिन्यात एक मुलगा मुलीला अडवून उभा आहे. तुमच्या कॉलेजच्या जिन्यात असं समजा. आता कसं वाटतंय? आपल्याकडच्या कितीतरी सिनेमांनीही हेच केलंय, गाण्याची चाल चांगली म्हणून नायकाचा पाठलाग आपण गुणगुणलोय.

म्हणून वाईट वागणारा नायक असला की मी त्याला बाद करत नाही. बदलाची किंमत कोणी भरली, हे बघते. त्याने काही गमावलं का? त्याने माफी मागितली का, आणि ती न मिळण्याची शक्यता खरी होती का? 'हाना योरी दांगो'त दोम्योजी बदलतो, किंमतही थोडी भरतो, पण लाल चिठ्ठीने ज्यांची आयुष्यं विस्कटली त्या बाकीच्या मुलांना गोष्ट विसरून जाते. त्सुकुशीला पूर्ण मार्क, दोम्योजीला निम्मे. भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडा.

चित्रांचा विषय निघालाच आहे तर. शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीच्या नियतकालिकांत येणाऱ्या मालिका, यांचं पान पहिल्यांदा बघणाऱ्याला विस्कळीत वाटतं. चौकटी तुटलेल्या, एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा, फुग्याबाहेर तरंगणारे विचार. 1970 च्या दशकात मोतो हागिओ, केको ताकेमिया अशा लेखिकांनी ही भाषा घडवली. त्यांच्या पानावर मनात काय होतंय हीच घटना असते, म्हणून मनातलं वाक्य चौकटीच्या कुंपणाबाहेर जातं. तेव्हा 'चित्रं सुंदर आहेत' हे मत फारसं कामाचं नाही. चित्राला कळतंय का, कोण कुणाकडे बघतंय, हे बघा. 'किमि नी तोदोके'मध्ये सावाको मुद्दाम हसायला जाते तेव्हा ती भुतासारखी काढलेली असते. नकळत हसते तेव्हा तोच चेहरा मऊ होतो. कुणी न सांगता रेषाच सांगते, की या क्षणी आपण वर्गाच्या नजरेतून बघतोय की काझेहायाच्या.

आणखी एक मस्त उदाहरण 'होरिमिया'. हिरो नावाने लिहिणाऱ्या लेखकाची ही आधी वेबकॉमिक होती. पुढे 2011 पासून दाइसुके हागिवारा यांनी तीच गोष्ट नव्याने चितारली. होरी शाळेत टापटीप, घरी धाकट्या भावाला सांभाळणारी साधी मुलगी. मियामुरा शाळेत चष्मिष्ट गप्प मुलगा, बाहेर कानात बाळ्या आणि अंगावर टॅटू. दोघांची दोन-दोन रूपं आहेत, म्हणजे सगळा खेळ चित्राचा. हागिवारांची रेषा स्वच्छ, आकर्षक. मूळ चित्रं कच्ची आहेत, पण त्यातला अवघडलेपणा मला काही प्रसंगांत जास्त भिडतो. जमलं तर दोन्ही शेजारी ठेवून बघा, 'चित्र गोष्टीला काय देतं' हे आपोआप कळेल.

कथानकाबद्दल थोडक्यात. मांगा नियतकालिकांत तुकड्या-तुकड्यांनी येतो. 'वीकली शोनेन जंप'सारख्या साप्ताहिकात वाचकांच्या मतपत्रिका असतात. मालिका मागे पडली की गुंडाळली जाते, आणि चालली की चालूच राहते. आपल्या संध्याकाळच्या मालिका टीआरपीवर कशा ताणल्या जातात ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे गैरसमज हा रोमान्सचा आवडता मसाला. माझी कसोटी सोपी आहे: हा गैरसमज एका फोनने मिटला असता का? मिटला असता, तर लेखक वेळ काढतोय.

यावरून 'मेझोन इक्कोकु'. रुमिको ताकाहाशी यांची, 1980 ते 1987. कोरी वाचायची असेल त्यांनी आत्ता पुढे ढकला. मोडकळीला आलेल्या एका घरात भाडेकरू राहतात. गोदाई हा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला मुलगा. शेजारी त्याच्याच खोलीत येऊन दारू पितात. एक दिवस घराची नवी व्यवस्थापक येते, क्योको. तरुण, सुंदर, आणि विधवा. तिच्या कुत्र्याचं नाव तिच्या गेलेल्या नवऱ्याचंच आहे, सोइचिरो. हसू येतं, मग जरा वेळाने येत नाही.

या मालिकेत गैरसमजांचा पाऊस आहे. मोबाईल नाहीत, निरोप दुसऱ्याच्या तोंडून मिळतात, आणि 'एका फोनने मिटलं असतं' ही कसोटी इथे लावायची तर तो फोनच धड नाही! पण गैरसमज सगळे काढून टाकले तरी हे दोघं लगेच एकत्र आले नसते. गोदाईकडे नोकरी नाही, आणि स्वतःच्या पायावर उभं राहिल्याशिवाय विचारायची त्याची हिंमत नाही. क्योकोला भीती वाटते की पुन्हा प्रेमात पडलो तर पहिलं प्रेम खोटं ठरेल. शिवाय मालिकेतला काळ बाहेरच्या काळासोबत चालतो. साडेसहा वर्षं वाचक मोठे झाले तशी ही माणसंही मोठी झाली. उशीर हीच गोष्ट आहे इथे.

आणि म्हणून शेवट इतका चोख बसतो. गोदाई सोइचिरोच्या थडग्यापुढे उभा राहून त्याच्याशी बोलतो. तुला विसरायला लावणार नाही, तू तिचा भाग आहेस, तुझ्यासकट तिला स्वीकारतो, अशा अर्थाचं काहीतरी. आणि क्योकोच्या ते कानावर पडतं. लग्न त्यानंतर होतं, बाळही होतं, सगळं गोड आहे. पण मला तो शेवट गोड म्हणून आवडत नाही. ज्या कारणाने इतकी वर्षं थांबलो, त्याच कारणाला तो उत्तर देतो. मेलेल्या माणसाला ढकलून जागा केली जात नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ताइशी त्सुत्सुइ यांची 'वी नेव्हर लर्न'. 'जंप'मध्ये 2017 ते 2020. एक मुलगा, पाच नायिका. शेवटी लेखकाने पाचही जणींसाठी पाच वेगळे शेवट लिहिले, समांतर जगांसारखे. वाचक खूश, कारण प्रत्येकाची लाडकी जिंकली. एकेक शेवट गोंडस आहेच. पण नायक कुणाचाही होऊ शकतो, तर मग तो आहे कोण? इथे उशीर वाचकांसाठी होता, आणि शेवटही वाचकांनाच वाटून दिला.

मग शेवटच नसेल तर? आई याझावा यांची 'नाना' 2000 साली सुरू झाली आणि लेखिकेच्या आजारपणामुळे 2009 पासून थांबलेली आहे. 21 खंड. रेल्वेत शेजारी बसलेल्या, एकाच नावाच्या दोन मुली, तोक्योतलं 707 नंबरचं घर. शेवटाला मार्क द्यायचे तर शून्य द्यावे लागतील, आणि तसं करणं मला जमत नाही. कारण ही गोष्ट पहिल्यापासून भविष्यातून सांगितली जातेय. एक नाना दुसऱ्या, आता जवळ नसलेल्या नानाला हाक मारत सांगतेय. काहीतरी तुटलंय हे आपल्याला सुरुवातीलाच ठाऊक असतं. प्रियकर येतात, जातात, काही फार चुकीचे निघतात, पण ताण असतो तो या दोघींमधला. उशीर होतोय तो एकीला दुसरीपर्यंत पोचायला. पुढचा खंड येईल की नाही माहीत नाही, तरी ती हाक ऐकू येत राहते.

पुढच्या आठवड्यात शोनेन रोमान्स, म्हणजे मुलांसाठीच्या नियतकालिकांतल्या प्रेमकथा. 'क्विंटेसेन्शियल क्विंटुप्लेट्स' पहिल्याच प्रकरणात लग्न दाखवते आणि नवरी कोण ते 14 खंड लपवते, त्यावर मला बरंच बोलायचंय. तोवर पहिले तीन-चार खंड वाचून ठेवा, आणि नवरी कोण ते आधीच शोधून बघू नका, प्लीज!