कोबॉटला जाळी लागत नाही?

1961 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा औद्योगिक रोबो कामाला लागला. पुढे रोबोभोवती जाळीचे कुंपण घालण्याचा रिवाजच पडला. 2008 मध्ये डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने माणसाशेजारी काम करू शकणारा हलका यांत्रिक हात, म्हणजे कोबॉट, बाजारात आणला आणि ‘आता जाळी नको’ अशी समजूत पसरली. ती अर्धीच खरी आहे. कोबॉटच्या सांध्यांवर पडणारा जोर सतत मोजला जातो. हात कुठे अडला की हा जोर अचानक वाढतो आणि यंत्र थांबते. पण हातात धारदार पत्रा असेल, तर थांबेपर्यंत कातडी फाटलेली असते! आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयएसओच्या 2016 च्या दस्तऐवजात शरीराच्या कोणत्या भागावर किती दाब चालेल याच्या मर्यादा दिल्या आहेत, त्या उगाच नाहीत.

कोणी म्हणेल, वेग कमी ठेवला की झाले. धक्का सौम्य होतो हे कबूल. पण उत्पादनही घटते, आणि माल पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरमध्ये बोट चेपण्याचा धोका उरतोच. तेव्हा कोबॉट घेणाऱ्या लघुउद्योजकाने अवजार, माल आणि वेग यांसकट धोक्याची तपासणी कोण करून देणार, हे विक्रेत्याला आधी विचारावे.