अल्प खर्चातील गेमिंग संगणक : सुट्या भागांच्या सुसंगतीचा विचार

१९८१ साली आय.बी.एम. कंपनीने बाजारात आणलेला वैयक्तिक संगणक बहुतांशी इतर उत्पादकांच्या तयार भागांपासून जोडलेला होता, आणि त्याच्या रचनेचा तपशीलही कंपनीने प्रसिद्ध केला होता. निरनिराळ्या कारखान्यांतील भाग एकत्र आणून संगणक उभा करण्याची आज रूढ असलेली प्रथा तेथूनच वाढली. या प्रथेमुळे मोजका पैसा नेमका हवा तेथे खर्च करता येतो. म्हणूनच गेमिंगसाठी पहिला संगणक घेणारा विद्यार्थी तिच्याकडे वळतो. परंतु निवडीतील चुकीचा भारही मग त्यालाच सोसावा लागतो. सिरोंचा किंवा भामरागड येथील विद्यार्थ्याने नागपूरहून आणलेला भाग जुळला नाही, तर तो बदलण्यासाठी पुन्हा शेकडो किलोमीटरांचा प्रवास घडतो. सुसंगतीचा प्रश्न येथे निव्वळ तांत्रिक राहत नाही.

भाग परस्परांस जुळतात की नाही हे तीन पातळ्यांवर ठरते : आकार व जोडणी, आज्ञावलीची ओळख, आणि विद्युत्शक्ती व उष्णता. पहिल्या पातळीवरील चूक जोडतानाच दिसते, दुसरीवरील चूक प्रथम बटण दाबताना कळते, आणि तिसरीवरील चूक पुष्कळदा मे महिन्यापर्यंत दडून राहते.

पहिल्या पातळीवर प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम या तिघांचा एकत्र विचार करावा लागतो. ए.एम.डी.च्या ए.एम. ४ सॉकेटवर डी.डी.आर. ४ रॅमच चालते. २०२२ साली आलेल्या ए.एम. ५ वर डी.डी.आर. ५ च लागते. इंटेलच्या एल.जी.ए. १७०० सॉकेटचे मदरबोर्ड मात्र दोन्ही प्रकारचे मिळतात, म्हणून तेथे केवळ सॉकेट पाहून भागत नाही. दोन्ही प्रकारच्या रॅमला २८८ संपर्कबिंदूच असतात. परंतु खाचेची जागा वेगळी असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. कॅबिनेट घेताना मदरबोर्डाचा आकार, ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरील कूलरची उंची ही तीन मापे ताडून पाहिली की पुरते.

दुसरी पातळी अधिक फसवी आहे. बी ४५० जातीचे मदरबोर्ड २०१८ साली निघाले, तर रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर २०२२ साली. दोघांचे सॉकेट एकच. तरीही मदरबोर्डातील बायोस जुने असेल तर ते या प्रोसेसरला ओळखत नाही आणि पडदा कोराच राहतो. काही मदरबोर्डांवर प्रोसेसरवाचून बायोस अद्ययावत करण्याची सोय असते. ती नसेल तर त्या कामासाठी जुना प्रोसेसर लागतो. हे काम दुकानातच करून घेणे श्रेयस्कर होय. याच प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणून स्वतंत्र कार्डावाचून चित्र उमटत नाही. रायझन ५ ५६०० जी मध्ये ते आहे. कार्डाचा खर्च पुढे ढकलू इच्छिणाऱ्यास तो सोयीचा. मात्र अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते. डी.डी.आर. ४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती वाहते, तर दोन वाहिन्यांत बसवलेल्या दोन पट्ट्या ५१.२ गिगाबाइट. म्हणून १६ गिगाबाइटच्या एका पट्टीपेक्षा ८ च्या दोन घेणे अधिक फलदायी ठरते.

तिसऱ्या पातळीसाठी थोडे गणित करावे लागते. रेडिऑन आर.एक्स. ६६०० हे कार्ड १३२ वॅट घेते. ६५ वॅट वर्गातील प्रोसेसरला पूर्ण भारावर ८८ वॅट आणि उरलेल्या भागांना ५० वॅट धरले, तर बेरीज २७० येते. एस.एम.पी.एस.ची कार्यक्षमता ८५ टक्के मानल्यास भिंतीतून सुमारे ३१८ वॅट ओढले जातात. २३० व्होल्ट दाबाला याचा प्रवाह सुमारे १.४ अँपिअर होतो. दाब १६० पर्यंत उतरला तर तोच २ अँपिअर होतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट असली, तरी घरातील दाब केंद्राच्या सान्निध्यावर नव्हे, तर वितरणवाहिनीची लांबी व तिच्यावरील भार यांवर अवलंबून असतो. म्हणून एस.एम.पी.एस.च्या पट्टीवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे की केवळ २०० ते २४०, हे पाहणे अगत्याचे आहे. त्याचप्रमाणे ६०० व्ही.ए.चा यू.पी.एस. बहुधा ३६० वॅटच देऊ शकतो; मॉनिटरसह वरील संगणक त्या मर्यादेच्या अगदी काठावर येतो.

उष्णतेचा नियम सोपा आहे. ठरावीक शक्तीला प्रोसेसरचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा जवळजवळ ठरावीक अंशांनी अधिक राहते. हवा २५ अंश असता प्रोसेसर ७० अंशांवर असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत तोच ८७ वर जाईल. ५६०० जी ची मर्यादा ९५ अंशांची आहे. तिच्याजवळ पोचताच तो आपली गती स्वतःच कमी करतो. चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा ४६ अंशांपलीकडे जातो, हे ध्यानात घेता हवा आत घेणारा व बाहेर टाकणारा असे दोन पंखे आणि धुता येणारी जाळी ही चैन ठरत नाही; कोळशाच्या धुळीच्या परिसरात तर जाळी अत्यावश्यकच होय. खोलीतील वाळ्याच्या कूलरने हवा थंड होते खरी. परंतु त्याचा ओलसर झोत संगणकावर थेट येऊ देऊ नये.

यावरून निवडीचा क्रम निश्चित होतो. प्रथम खेळ व मॉनिटर, त्यांवरून ग्राफिक्स, मग प्रोसेसर-मदरबोर्ड-रॅम यांचे त्रिकूट, आणि त्या सर्वांच्या बेरजेवरून एस.एम.पी.एस. व कॅबिनेट. व्यवहारात नेमके शेवटचे दोन भाग उरल्यासुरल्या पैशांत घेतले जातात. वास्तविक इतर सर्व भागांचे आयुष्य त्यांच्याच आधारावर असते. पैसा अपुरा पडल्यास ग्राफिक्स कार्ड वर्षभराने घेता येते, हलक्या एस.एम.पी.एस.ने जाळलेला मदरबोर्ड मात्र दुरुस्त होईलच असे नाही.