‘बाकी’ कोणाची? : घरहिशेबाच्या ॲपमधील परिभाषा

एकार्थता हा परिभाषेचा गुण व्यवहारात कसा कसाला लागतो, हे आता पाहू. घरखर्चाची नोंद ठेवणारे एखादे मोबाइल ॲप मराठीत आणण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, असे समजा.

लालबागमधील वाण्याच्या उधारीच्या वहीत ‘बाकी ३४०’ असे लिहिले असेल, तर ती गिऱ्हाइकाने द्यावयाची रक्कम असते. पगारातून खर्च वजा जाता हाती उरते तीही बाकीच. पडद्यावर नुसता हा शब्द दिसला, तर देणे असलेली रक्कम शिल्लक समजून कोणी ती खर्च करील आणि कर्जाचा हप्ता चुकेल. म्हणून ‘शिल्लक’ आणि ‘देणे’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत.

‘वर्ग’ हा शब्दही असाच फसवा आहे. ‘रक्कम वर्ग केली’ म्हणजे ती दुसऱ्या खात्यात हलवली. ‘कॅटेगरी’साठीही कोशातून ‘वर्ग’च उचलला, तर ‘वर्ग करा’ या सूचनेचा अर्थ काय घ्यायचा? तेथे ‘खर्चाची बाब’ हा रुळलेला प्रयोग पुरेसा आहे.

‘जमा’ आणि ‘नावे’ यांची अडचण अधिक खोल आहे. तुमचा पगार पासबुकात ‘जमा’ दिसतो, कारण ते बँकेच्या वहीचे प्रतिबिंब असते. ती रक्कम बँक तुम्हाला देणे लागते. दुहेरी नोंद पद्धतीने तुम्ही स्वतःची वही लिहिलीत, तर त्याच रकमेसाठी बँकेचे खाते ‘नावे’ पडते. शब्दांचा अर्थ बदलत नाही, वहीचा मालक बदलतो. ‘ग्नुकॅश’ या मुक्त प्रणालीत लेखाशास्त्रीय संज्ञांऐवजी खात्याच्या प्रकारानुसार साधी शीर्षके दिसतात. औपचारिक संज्ञा हव्या असतील, तर निवडता येतात. मराठीत ‘आवक-जावक’ सुचेल, पण तिला कार्यालयीन टपालाचा वास आहे. मी ‘आले’ आणि ‘गेले’ पसंत करीन. शासनाच्या भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) सिद्ध केलेले परिभाषा कोश जरूर पाहावेत. मात्र ते प्रशासन आणि अध्यापन यांसाठी आहेत, स्वयंपाकघरातील हिशेबासाठी नव्हेत.

कधी शब्द शोधावाही लागत नाही. दरमहा आपोआप होणाऱ्या नोंदीतून एखादा दिवस वगळण्याच्या सोयीला काय म्हणाल? खाणावळीच्या आणि दुधाच्या हिशेबात त्याला ‘खाडा’ म्हणतात.