‘व्हॉलंटिअर’ आणि शीण : स्थानिक नेमबाजी सामन्यांतील विनावेतन कामाचा विचार

इंग्रजीतील ‘व्हॉलंटिअर’ या शब्दाचा नेमबाजीशी असलेला संबंध जुना आहे. १८५९ साली फ्रान्सच्या स्वारीचे भय इंग्लंडात पसरले, तेव्हा स्वेच्छेने बंदूक हाती घेणाऱ्या नागरिकांच्या पलटणी ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. या नागरिकांस ‘व्हॉलंटिअर’ म्हणत. त्यांस नेमबाजीचे उत्तेजन मिळावे म्हणून त्याच वर्षी तेथील नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली, आणि १८६० साली विंबल्डन येथे तिच्या पहिल्या सामन्यांचा प्रारंभ राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थ बनावटीच्या रायफलीतून गोळी झाडून केला. चारशे यार्डांवरील निशाणाच्या मध्यभागाचा वेध घेतला गेला. तथापि ती रायफल आधीच आधारावर पक्की बसवून निशाणावर रोखून ठेवलेली होती. राणीने केवळ घोड्यास बांधलेली दोरी ओढली. नेम धरून ठेवण्याचे कष्ट दुसऱ्यांनी घेतले होते.

त्या काळी नेमबाजीच्या मैदानावरील ‘व्हॉलंटिअर’ म्हणजे स्वतः गोळी झाडणारा. आज अमेरिकेतील एखाद्या स्थानिक सामन्यात हाच शब्द उच्चारला, तर त्याचा अर्थ इतरांना गोळ्या झाडता याव्यात म्हणून पुठ्ठे उभे करणारा, असा होतो. शब्दाच्या या स्थलांतराच्या निमित्ताने, तो ज्या माणसांस लावला जातो त्यांची आजची स्थिती पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोल्हापूरकडील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे कांस्यपदक मिळविल्यापासून नेमबाजी म्हणजे काय हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. परंतु येथे अभिप्रेत असलेला प्रकार निराळा आहे. त्यास ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणतात. या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झाली आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. तिची अमेरिकी शाखा १९८४ पासून काम करते. ऑलिंपिकमधील नेमबाज बहुधा एका जागी स्थिर असतो व निशाणही बहुधा ठरलेल्या अंतरावर असते. येथे नेमबाज धावतो, आडोशामागून डोकावतो, वाटेत मॅगझिन बदलतो, आणि मिळालेल्या गुणांस लागलेल्या सेकंदांनी भागून त्याचा निकाल काढतात. अशा एका मांडणीस ‘स्टेज’ म्हणतात. एकही स्टेज दुसरीसारखी नसावी हीच या खेळाची गंमत, आणि याच गमतीत सामना भरविणाऱ्याच्या श्रमाचे मूळ आहे. ऑलिंपिक प्रकारातील मैदान एकदा बांधले की वर्षानुवर्षे तेच चालते. येथे मात्र दर महिन्याला मैदान नव्याने रचावे लागते.

या रचनेचा हिशोब थोडा विस्ताराने पाहणे अवश्य आहे, कारण सामन्यास येणाऱ्यांपैकी पुष्कळांस तो ठाऊक नसतो. मोठ्या स्टेजमध्ये ३२ गोळ्यांपर्यंत मांडणी करण्याची मुभा असते. समजा, प्रत्येकी दोन गोळ्यांचे १२ पुठ्ठे आणि ८ पोलादी निशाणे आहेत. पुठ्ठे उभे करण्यासाठी लाकडी काठ्या व बैठका लागतात. आडोशासाठी जाळी ठोकलेल्या लाकडी चौकटी लागतात. नेमबाजाने कोठवर पाऊल टाकावे हे दाखविणाऱ्या पट्ट्या जमिनीवर ठोकाव्या लागतात. कोणत्याही जागेवरून झाडलेली गोळी मातीच्या बांधाच्या आतच राहील, हे प्रत्येक कोनातून पाहावे लागते. अशा पाच-सहा स्टेजचे आराखडे आधी कोणीतरी घरी बसून काढलेले असतात, आणि त्यांची उभारणी बहुधा आदल्या दिवशी चारपाच माणसे करतात.

सामन्याच्या दिवशी काम संपत नाही. त्याचे स्वरूप बदलते एवढेच. एका नेमबाजाची फेरी झाली की त्या १२ पुठ्ठ्यांवरील २४ भोकांवर कागदी टिकल्या डकवाव्या लागतात आणि पडलेली पोलादी निशाणे पुन्हा उभी करावी लागतात. बारा जणांच्या तुकडीस त्या एका स्टेजवर २८८ टिकल्या लागतात. पाच तुकड्या असतील तर १,४४०. हे काम तुकडीतील सर्वांनी मिळून करावयाचे, असा संकेत आहे. संकेत असा शब्द मी हेतुपुरस्सर वापरतो, कारण चुकारपणास दंड नाही. काही जण पुढे धावतात. काही जण त्याच वेळी मॅगझिन भरण्यात, गप्पांत किंवा आपली फेरी मनात घोळविण्यात गढलेले असतात.

त्यानंतर रेंज ऑफिसरचे, म्हणजे मैदानावरील पंचाचे काम. हातात वेळमापक यंत्र घेऊन तो प्रत्येक नेमबाजाच्या मागोमाग चालतो. त्याची नजर निशाणावर नसते. ती पिस्तुलावर आणि घोड्यापाशी असलेल्या बोटावर खिळलेली असते. नळीचे तोंड मागच्या बाजूस वळले, पिस्तूल हातून निसटले किंवा नको तेव्हा गोळी सुटली, तर नेमबाजास तत्काळ थांबवून सामन्यातून बाद करणे त्याचे कर्तव्य असते. भाषाभ्यासकास त्याची वाक्ये विशेष लक्षणीय वाटावीत. ‘मेक रेडी’, मग ‘आर यू रेडी’, मग ‘स्टँडबाय’, यंत्राचा आवाज, फेरी संपल्यावर शस्त्र रिकामे करून दाखविण्याची आज्ञा, ते रिकामे असल्यास घोडा पाडून म्यान करण्याची आज्ञा, आणि शेवटी ‘रेंज इज क्लिअर’. जे. एल. ऑस्टिन यांनी ज्यांना कृतिरूप उक्ती म्हटले त्यांचे याहून शुद्ध उदाहरण क्वचितच सापडेल. शेवटचे वाक्य उच्चारले जाईपर्यंत मैदान ‘मोकळे’ नसते. ते उच्चारताच सर्वांना निशाणांकडे जाण्याची मुभा मिळते. बारा नेमबाज व सहा स्टेज धरल्यास ७२ फेऱ्या, आणि फेरीस सहा वाक्ये धरल्यास एका दिवसात ४३२ उच्चार होतात. हा माणूस स्वतःही सामन्यात भाग घेत असतो. इतर नेमबाज मोकळ्या वेळात आपली फेरी आखत असताना हा गुण मोजत असतो. मग यंत्र दुसऱ्याच्या हाती देऊन, पुरती तयारी न करताच स्वतःची फेरी उरकतो.

इतक्या यांत्रिक पुनरुक्तीत धोका आहे, हे उघड आहे. ठरीव वाक्ये थकलेल्या माणसाचा आधार असतात, कारण ती आठवावी लागत नाहीत. परंतु त्याच कारणाने ती लक्ष नसतानाही तोंडातून निघतात. रिकाम्या पिस्तुलाकडे न पाहताच ‘मैदान मोकळे’ असे म्हटले जाणे शक्य असते. पत्रिका छापण्यास उशीर झाला तर व्याख्यानमालेचे काही बिघडत नाही. येथे मात्र कार्यकर्त्याच्या थकव्याचा हिशोब दुसऱ्याच्या जिवाशी येऊन ठेपतो. म्हणून हा विषय केवळ क्लबांच्या अंतर्गत कुरबुरींचा मानता येत नाही.

या थकव्यास इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एका लेखाद्वारे हा शब्द शास्त्रीय चर्चेत आणला. न्यू यॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात दिवसाचा व्यवसाय आटोपून रात्री काम करणाऱ्यांच्या अनुभवावर तो लेख आधारलेला होता; स्वतः फ्रॉइडेनबर्गरही त्यांपैकी एक होते. म्हणजे या शब्दाचा जन्मच मुख्यतः विनावेतन कामात झाला. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ साली त्याचे मोजमाप सिद्ध केले आणि त्याची तीन अंगे सांगितली : भावनिक क्षीणता, माणसांविषयी कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची जी व्याख्या दिली, तीत मात्र ही संज्ञा केवळ नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात वापरावी, आयुष्याच्या इतर क्षेत्रांस लावू नये, असे म्हटले आहे. ज्यांच्यामुळे शब्द जन्मास आला, ते स्वयंसेवक अशा रीतीने त्याच्या अधिकृत अर्थाबाहेर राहिले. व्याख्याकारांची शास्त्रीय अडचण समजू शकते. पण ही विसंगती नोंदविण्यासारखी आहे.

मराठीत या तिन्ही अंगांस एकच शब्द नाही, आणि मला ते आपल्या भाषेचे वैगुण्य वाटत नाही. पहिल्या अंगास ‘शीण’ आहे. तो विश्रांतीने जातो. दुसऱ्यास ‘उबग’ किंवा ‘जीव विटणे’ हे प्रयोग आहेत, आणि विटलेले मन एका रात्रीच्या झोपेने ताजे होत नाही. तिसऱ्यास आपण ‘हात टेकणे’ म्हणतो. ‘मानसिक थकवा’ हा वृत्तपत्री प्रतिशब्द पहिल्या अंगापाशीच थांबतो आणि त्यामुळे उपायही विश्रांतीचाच सुचवितो. विनावेतन श्रमाची टवाळीही आपल्या भाषेत आहेच : घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला, सक्तीचे फुकट काम असा त्याचा अर्थ. स्वेच्छेने पत्करलेल्या कामास ‘वेठ’ म्हणता येणार नाही. परंतु सोडतो म्हटले असता सोडता येत नाही अशी स्थिती आली की, ‘स्वयंसेवा’ आणि ‘वेठ’ यांतील अंतर कोशात दिसते तितके व्यवहारात उरत नाही.

हे अंतर कसे मिटते? मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. सामूहिक हिताचे फळ काम न करणाऱ्यासही मिळत असेल, तर समूह जसजसा मोठा होतो तसतसा प्रत्येकाचा अंग चोरण्याकडे कल वाढतो. वीस जणांच्या सामन्यात कोण टिकल्या डकवीत नाही हे सर्वांना दिसते. तोच सामना ऐंशी जणांचा झाला की, ‘कोणीतरी करील’ ही समजूत बळावते. म्हणजे सामन्याची भरभराट हेच त्याच्या कार्यकर्त्यांवरील भार वाढण्याचे एक कारण होय. नव्याने आलेला नेमबाज शुल्क भरतो आणि आपण ग्राहक आहोत असे मानतो. ग्राहक म्हणून तो निकाल उशिरा लागल्याची तक्रार करतो. ज्याच्याकडे तो तक्रार करतो, तो मात्र आपणास विक्रेता समजत नाही. दोघेही प्रामाणिक असतात. त्यांच्यात कोणता व्यवहार चालला आहे, याविषयीच त्यांचे एकमत नसते.

येथे एका सर्वनामाची गोष्ट सांगितली पाहिजे. मराठीत ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्यास वगळणारे ‘आम्ही’ असा भेद आहे. इंग्रजीतील ‘वुई’ या दोन्हींचे काम करतो. ‘वुई नीड हेल्प’ हे वाक्य कार्यकर्ता ‘आपल्याला मदत हवी’ या अर्थाने बोलतो, आणि समोरचा ते ‘त्यांना मदत हवी’ असे ऐकतो. बोलणारा स्वतःच जेव्हा मनात ‘आपण’ सोडून ‘आम्ही’वर येतो, तेव्हा मॅस्लॅक यांचे दुसरे अंग सुरू झाले असे खुशाल समजावे. एखाद्या मराठी मंडळाच्या सभेत हा बदल उघड ऐकू येतो. इंग्रजीत तो शब्दाआड लपून राहतो.

उपायांपैकी पैशाचा उपाय सर्वप्रथम सुचतो. मदत करणाऱ्यास शुल्क माफ करावे, किंवा न करणाऱ्याकडून जास्त घ्यावे. शुल्कमाफी पुष्कळ ठिकाणी चालते आणि तीत गैर काही नाही. अधिक आकारणीविषयी मात्र सावधगिरी हवी. इस्राएलमधील हैफा येथील दहा बालसंगोपनगृहांवरील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना नेण्यास उशिरा येणाऱ्या पालकांस काही संगोपनगृहांनी दंड लावला, तेव्हा उशिरा येणारे वाढले. दंड उठविल्यावरही ते कमी झाले नाहीत. दंडामुळे संकोचाची जागा किमतीने घेतली, आणि गेलेला संकोच परत आला नाही. टिकल्या डकवीत नसलेल्या नेमबाजाने पाच डॉलर जास्त दिले की, त्याच्या निवांत बसण्यास मान्यताच मिळते.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मुदतीचा प्रश्न. जर्मन भाषेत अशा कामास ‘एरेनआम्ट’ म्हणतात : ‘एरे’ म्हणजे मान, ‘आम्ट’ म्हणजे अधिकारपद. इंग्रजी शब्द माणसाच्या इच्छेवर बोट ठेवतो, जर्मन शब्द पदावर. इच्छेस आरंभ असतो, पण तिचा शेवट जाहीर करणे अवघड जाते. तो जाहीर करणारा ‘आता मला इच्छा नाही’ असे म्हणत असल्यासारखा दिसतो, आणि मित्रमंडळीत ते वाईट दिसते. पदास मुदत असू शकते, आणि मुदत संपली की कोणासही कारण सांगावे लागत नाही. सामन्याचा संचालक दोन वर्षांसाठी नेमावा, दुसऱ्या वर्षी त्याच्यासोबत पुढचा माणूस काम शिकत असावा, एवढी व्यवस्था जेथे नाही तेथे गोदामाची कुलपे, पोलादी निशाणांची डागडुजी, वेळमापकांच्या बॅटऱ्या, निकालाची यंत्रणा, मैदानाच्या मालकाशी असलेले संबंध, हे सारे एकाच डोक्यात साठत जाते. मग तो माणूस थकला तरी निघू शकत नाही, कारण त्याच्या जाण्याने सामना बंद पडेल हे त्यास आणि इतरांसही ठाऊक असते. आणि अखेरीस निघतो तेव्हा बहुधा खेळही सोडून जातो.

दुसरी गोष्ट काम कमी करण्याची. सहाऐवजी चार स्टेज. मागच्या महिन्याच्या चौकटी जागच्या जागी ठेवून केवळ पुठ्ठे हलविणे. बारांऐवजी आठ पुठ्ठे. आठ पुठ्ठे झाले तर पूर्वीच्या २८८ टिकल्यांऐवजी १९२ लागतात. नेमबाजांची थोडी निराशा होईल. तथापि वर्षातून सहा चांगले सामने झाले आणि सातव्यास पंचच मिळाला नाही, त्यापेक्षा बारा साधे सामने होणे मी पसंत करीन. पंचांच्या बाबतीत तर दोन स्टेजनंतर वेळमापक दुसऱ्याच्या हाती गेलाच पाहिजे, असा नियम क्लबाने लिहून ठेवावा. यासाठी प्रत्येक तुकडीत प्रशिक्षित पंच निदान तीन असावे लागतात. ते प्रशिक्षण दोन दिवसांचे असते, आणि त्याचे शुल्क क्लबाने भरणे हा मला पैशाच्या विनियोगाचा सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो; कारण त्यात कोणाच्या श्रमाची किंमत ठरत नाही, फक्त ४३२ उच्चार तीन तोंडांत वाटले जातात.