परसबागेतील मुळा व गाजर

मुळा व गाजर यांचा आपण खातो तो भाग म्हणजे मुख्यतः वनस्पतीचे सोटमूळ होय. पाने तयार करतात ते अन्न या मुळात साठते. बी रुजताच मूळ सरळ खाली उतरू लागते. त्याचे कोवळे टोक ढेकळास अडले अथवा तुटले, तर शेजारची मुळे फुगून मुळ्यास फाटे फुटतात. म्हणून वांग्यामिरचीप्रमाणे यांची रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत. बी कायमच्या जागीच पेरावे.

तंजावुरात मराठी कुटुंबे सतराव्या शतकापासून नांदत आली आहेत. तेथील परसात हे काम थोडे कठीण जाते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील चिकण माती पाणी धरून ठेवते. भाताला हा गुण उपकारक असला, तरी मुळ्याला तो बाधक होतो. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो व सखल वाफ्यात पाणी साचते. यास्तव पाऊस ओसरल्यावर, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत, पेरणी करावी. जमीन 30 सेंटिमीटर खणून ढेकळे फोडावीत, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे व वाफा 15 ते 20 सेंटिमीटर उंच करावा. ताज्या खताने मुळांना फाटे फुटतात, हे विसरू नये.

बी सुमारे एक सेंटिमीटर खोल, ओळींत पेरावे आणि वर चाळलेले खत पसरावे. म्हणजे मातीवर कठीण पापुद्रा धरत नाही. मुळा चार-पाच दिवसांत उगवतो, गाजरास दहा ते पंधरा दिवस लागतात. गाजराच्या ओळीत मुळ्याचे थोडे बी टाकल्यास ओळ लवकर ओळखू येते.

यानंतरचे काम मात्र मनास जड जाते. दाट उगवलेली रोपे काढून मुळ्यात आठ ते दहा व गाजरात पाच ते आठ सेंटिमीटर अंतर ठेवावे लागते. येथे दया केली, तर पाला वाढतो, पण मुळे पोसत नाहीत. काढलेल्या कोवळ्या मुळ्याची भाजी होते.

उष्ण हवेसाठी दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने ‘पुसा चेतकी’ हा मुळा व ‘पुसा केसर’ हे गाजर तयार केले. युरोपीय गाजरास फुलोरा येण्यासाठी दीर्घ थंडी लागते. ती तंजावुरात मिळत नाही. मुळ्याची दोन-चार झाडे मात्र न उपटता ठेवावीत. त्यांना फुले व मागून डिंगऱ्या येतील; काहींची भाजी करावी, उरलेल्या झाडावरच वाळू द्याव्यात. पुढील वर्षाचे बी त्यांतच असते.