ओळखू येऊ राहिलो का?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या दारातली मोटारसायकल गेली. कॅमेरा होता, रेकॉर्डिंगही होतं. पहाटे पावणेतीनला एक माणूस फाटक उघडून आत येतो, व्हरांड्यात कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात उभा राहतो, मान वर करतो, आणि तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा. डोळे नाहीत, नाक नाही. दिवसा त्याच कॅमेऱ्यात तुळशीची पानं मोजता यायची. तो पांढरा गोळा माझ्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून फेब्रुवारीत जालन्यातल्या कॅमेरे बसवणाऱ्या एका मुलाबरोबर मी चार रात्री हिंडले.

मुलगा तिशीतला. आधी एका स्टील कारखान्यात वायरमन होता. माझी चित्रफीत त्याने मोबाइलवर एकदाच बघितली. म्हणाला, "कॅमेरा वाईट नव्हता ताई. चोर लई जवळ आला." रात्रीचा कॅमेरा स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांनी बघतो. तो प्रकाश लांबच्या फाटकासाठी पुरेल एवढा ठेवला, की दोन फुटांवरचा चेहरा त्यात जळून जातो. व्हरांड्याच्या छताला कॅमेरा लावणं सोयीचं असतं, वायर लपते. आमच्याकडे ती सोयच नडली.

अंबड रस्त्याला मोसंबीच्या बागेत एक घर आहे, तिथली रात्र मला सगळ्यात जास्त आठवते. आंबे बहराची फुलं लागलेली; अंधारात काही दिसत नव्हतं, पण वास दाट होता. शहराकडचं आभाळ तांबूस. घरमालक मामांनी खोकं आधीच आणून ठेवलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत आठ मेगापिक्सल आणि तीस मीटर. "तीस मीटरवर कुणीतरी हाय एवढं कळतं, मामा," तो म्हणाला. "कोण हाय, ते पाच मीटरवर कळतं."

हे पाच मीटर तो चारही रात्री म्हणत होता. मी घरी येऊन हिशेब केला. अनोळखी माणूस ओळखता यावा म्हणून आंतरराष्ट्रीय मानकात मीटरभर रुंदीला 250 ठिपके धरतात. दोन मेगापिक्सल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी 1,920 ठिपके. म्हणजे चित्रात साडेसात मीटरच्या आसपासच रुंदी मावायला हवी. खोक्यात नेहमी येणारी 2.8 मिलिमीटरची लेन्स पाच मीटरवर बारा-तेरा मीटर रुंद अंगण पकडते. अंगण सगळं दिसतं, चेहरा विरतो. फाटकासाठी सहा मिलिमीटरची घेतली, तर तेवढ्याच अंतरावर पाचेक मीटर रुंदी येते आणि चेहऱ्याच्या वाट्याला दुपटीहून जास्त ठिपके. दुकानात मात्र ग्राहक मेगापिक्सल विचारतो. सेन्सर तेवढाच ठेवून दोनाचे आठ मेगापिक्सल केले, तर तोच प्रकाश चौपट ठिपक्यांत वाटला जातो. उजेडात हे खपून जातं, अंधारात चित्रात मुंग्या येतात. त्यापेक्षा सेन्सर मोठा हवा आणि लेन्सचा एफ आकडा लहान. एफ 1.0 ची लेन्स एफ 2.0 च्या चौपट उजेड आत घेते. माझ्या मते घासाघीस करायचीच, तर ती या आकड्यासाठी करावी.

मामांना झोप नाही ती ऑगस्ट 2022 पासून. तेव्हा घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. पुढे पोलिसांनी त्या शोधून काढल्या. "देवाच्या घरात शिरले," मामा म्हणाले, "आपलं काय?"

कॅमेरा भिंतीला ठोकण्याआधी हा मुलगा एक काम करतो, त्यासाठीच मी चार रात्री जात राहिले. कॅमेरा बांबूला बांधून, वायर जोडून तो स्वतः फाटकाबाहेर जातो. डोक्याला रुमाल गुंडाळतो आणि चोर येईल तसा झपाझप येतो. मोबाइल घरच्यांच्या हातात. अंधारातून आवाज येतो, "ओळखू येऊ राहिलो का?"

पहिल्या खेपेला मामी नाही म्हणाल्या. चित्रात एक राखाडी पट्टा सरकला होता. उजेड कमी पडला की कॅमेरा एकेक चित्र सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंत उघडं ठेवतो. पळणारा माणूस तेवढ्यात वीतभर पुढे जातो. शिवाय त्याचा काळा शर्ट पडद्यावर पांढरट दिसत होता. इन्फ्रारेडमध्ये कापडाचे पुष्कळ रंग असेच फसवतात. पोलिसांना पांढरा शर्ट सांगितला, तर ते भलत्याच माणसाच्या मागे जायचे. एक बारीक चमकता धागाही आडवा हलत होता. त्याने खिशातून रंगाचा ब्रश काढून बांबूवरचं जाळं झटकलं. दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी. हा ब्रश तो प्रत्येक घरी देऊन येतो, आठवड्यातून एकदा फिरवा म्हणून.

मग त्याने फाटकाच्या खांबावर नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब लावला आणि इन्व्हर्टरवर घेतला. वीज कधी जाईल याचा तिथे भरवसा नाही. बांबूवरचा कॅमेरा छताच्या उंचीवरून खाली, डोक्यापेक्षा हातभर उंच आणला. वाटेपासून टेपने मोजून पाच मीटर. दुसऱ्या खेपेला चित्र रंगीत आलं, पण रुमालाची सावली डोळ्यांवर पडत होती. बल्ब थोडा खाली घेतला.

तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मामींनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"हनुवटीला भाजलंय का रे तुझ्या?"

"भट्टीवर होतो तेव्हाचं हाय, मामी," तो म्हणाला, आणि कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर खूण करायला गेला.